गार्डन ट्रॅक्टरच्या चाकांना वजनं लावण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूजजवळ घर घेतलंत, घराबरोबर आधीच्या मालकाचा जुना गार्डन ट्रॅक्टर, म्हणजे अंगणातल्या कामांचा छोटा ट्रॅक्टर, आला. पुढे बर्फ ढकलायचं 48 इंची पातं, मागे 23 बाय 10.50-12 मापाचे गुळगुळीत टर्फ टायर, गवतावर चालवायचे. ड्राइव्हवे रस्त्याकडे उतरतो, शंभर फुटांत साधारण दहा फूट. पहिल्याच बर्फात चाकं जागेवर गरागरा फिरली आणि ट्रॅक्टर हलेना. दुकानदार म्हणाला, दोन्ही मागच्या चाकांना 50-50 पौंडांची बिडाची वजनं लावा. घ्यावीत का?

घ्या. पण त्याआधी टायरांवर चढवायच्या साखळ्या घ्या. दोन्हींचे पैसे एकदम काढायचे नसतील तर या हिवाळ्यात फक्त साखळ्याच घ्या. वजनांचं पुढच्या वर्षी बघता येईल.

हे असं का, ते आकड्यांत सांगतो. आकडे तुमच्या ट्रॅक्टरच्या जवळपास जातील असे धरले आहेत. ट्रॅक्टर 320 किलो, तुम्ही थंडीच्या कपड्यांसकट 75, पातं 45. एकूण 440. त्यातलं मागच्या चाकांवर येतं साधारण 230, कारण इंजिन पुढे आहे आणि पातंही पुढेच. रबर आणि दबलेला बर्फ यांच्यातल्या पकडीचा आकडा 0.2 धरू. म्हणजे मागची चाकं घसरण्याआधी जास्तीत जास्त 46 किलोचा जोर लावू शकतात. इंजिन वीस हॉर्सपॉवरचं असो की पंचवीसचं, त्याने काही फरक पडत नाही.

आता तुमचा चढ. दहा फुटांना एक फूट चढ म्हणजे एकूण वजनाचा दहावा भाग तुम्हाला सतत मागे ओढतोय, 44 किलो. तुमच्याकडे होता 46. बर्फ ढकलायला उरले 2 किलो! चाकं फिरणार नाहीत तर काय होणार?

दुकानदाराचं ऐकून दोन्ही चाकांना मिळून 45 किलो वजन लावलं असं समजा. मागे झाले 275, जोर 55. पण एकूण वजनही वाढलं, त्यामुळे चढाची ओढ झाली साडेअठ्ठेचाळीस. उरले साडेसहा. वजनं न लावता नुसत्या साखळ्या चढवल्या आणि पकडीचा आकडा 0.4 धरला, तर जोर 92, ओढ तीच 44, हातात 48 किलो. दोन्ही केलं तर साठाच्या थोडं वर. साखळीचा आकडा बर्फागणिक बदलतो, तेव्हा 0.4 ला वेदवाक्य समजू नका. पण फरक केवढा आहे तो बघा. चढावर वजन एका हाताने देतं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतं. सपाटीवर असं नसतं, तिथे लावलेला प्रत्येक किलो कामाला येतो, कारण समोरच्या बर्फाचा विरोध काही तुमच्या वजनाबरोबर वाढत नाही. दुकानदाराचा सल्ला सपाट ड्राइव्हवेवाल्याला चांगला आहे. तुमच्या उतारावर तो अपुरा पडतो.

उतरताना तर हे जास्त जाणवतं. मी बफेलोच्या दक्षिणेला राहतो, लहान इंजिनं आणि असले ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात वीस वर्षं गेली. तिसऱ्या की चौथ्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी मी स्वतःच्याच ड्राइव्हवेवरून खाली येत होतो. मागे भरपूर वजन होतं, साखळ्या नव्हत्या, ताज्या बर्फाखाली रात्री गोठलेला काचेसारखा थर. मी पेडलवरून पाय उचलला. चाकं थांबली, अगदी हुकमी थांबली. ट्रॅक्टर मात्र चालतच राहिला. आवाज नाही, धक्का नाही, पाटावर बसून घसरावं तसा मी शांतपणे रस्त्याच्या दिशेने चाललो होतो. स्टिअरिंग फिरवून पाहिलं, पुढची चाकं वळली, ट्रॅक्टर सरळच. शेवटी मेलबॉक्सच्या लाकडी खांबाने अडवलं. खांब मोडला. रस्त्यावर त्या क्षणी गाडी नव्हती, हे माझं नशीब. अशा बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो, उतारावर पुढे तोंड केलं की भार पुढच्या चाकांवर जातो आणि मागची चाकं हलकी होतात. जास्तीच्या वजनाने तिथे थांबायला फारशी मदत होत नाही. साखळीने होते.

तेव्हा साखळ्यांचं आधी उरकू. तुमच्या मापाला दोन प्रकार मिळतात. एकात बाजूच्या साखळीच्या दर दोन कड्यांमागे एक आडवी साखळी असते, दुसऱ्यात दर चार कड्यांमागे. चारवाली स्वस्त असते. पण लहान चाकावर तिच्या दोन आडव्या साखळ्यांमध्ये एवढं अंतर पडतं की टायर मध्येच उघडा पडतो, पकड सुटते, पुढची आडवी साखळी खाली आली की हिसका बसतो. तासभर चालवलंत तर कंबर सांगेल. दोनवालीच घ्या.

चढवण्याची पद्धत अशी. गॅरेजमध्ये, कोरड्या फरशीवर, बर्फ पडायच्या आधी. पहाटे पाच वाजता टॉर्च तोंडात धरून करायचं हे काम नव्हे. साखळी चाकापुढे पसरा, आडव्या साखळ्यांच्या हुकांची उघडी तोंडं टायरच्या उलट बाजूला, म्हणजे बाहेर राहतील अशी. नाहीतर ती टायर कोरत बसतात. टायरमधली हवा जरा कमी करा. ट्रॅक्टर हळूच साखळीवर घ्या, आधी आतल्या बाजूचा हुक लावा, मग बाहेरचा, जेवढा ओढता येईल तेवढा ओढून. मग हवा पुन्हा भरा. टायर फुगला की साखळी आपोआप आवळली जाते. वरून रबरी ताणपट्टे लावा. दहा मिनिटं चालवून या आणि पुन्हा एकदा आवळा, कारण पहिल्या फेरीत साखळी हमखास ढिली होते.

साखळ्या मागवण्याआधी एक गोष्ट मोजा. टायर आणि मडगार्ड यांच्यात, तसंच टायरच्या आतल्या बाजूला आणि चेसिसमध्ये किती जागा आहे? दोन बोटं जेमतेम जात असतील तर साखळी घासणार. माझ्याकडे आलेल्या एका ट्रॅक्टरची ब्रेकची सळई अशीच घासून अर्धी झाली होती. मालकाला वाटत होतं की तो खडखडाट साखळीचा आहे, आणि होताही, फक्त तो सळई खात होता. ड्राइव्हवे डांबरी असेल तर थोडे ओरखडे उठतात, फरसबंदी असेल तर जास्त. खडीचा असेल तर ओरखड्यांची चिंताच नको.

आता वजनं. चाकाला लावलेल्या वजनाचा मोठा गुण म्हणजे ते थेट टायरवर बसतं. सीटमागे तेवढंच ओझं लादलं तर ते चेसिसमधून, अॅक्सलमधून, बेअरिंगमधून खाली जातं. चाकाला लावलेलं वजन या सगळ्यांना वळसा घालून जमिनीवर येतं. शिवाय ते खाली असतं, त्यामुळे ट्रॅक्टर कलंडायची भीती वाढत नाही.

बिडाची वजनं उत्तम. जुनी मिळाली तर आणखी उत्तम, बिडाला काही होत नाही, गंज घासून रंग मारला की झालं. प्लास्टिकच्या कवचात काँक्रीट भरलेली स्वस्त वजनं येतात. तेवढ्याच वजनाला ती जाड होतात, चाकाबाहेर येतात, आणि पाणी शिरून गोठलं की कवच तडकतं. नाइलाज असेल तरच. व्यायामशाळेतल्या चकत्या लावणारेही पुष्कळ आहेत, मीही लावून दिल्या आहेत, त्यात कमीपणा काही नाही. मात्र माप बघा. 45 पौंडांची ऑलिंपिक चकती 450 मिलिमीटर व्यासाची असते, तुमची रिम 12 इंची, म्हणजे 305 मिलिमीटर. ती रिममध्ये बसणारच नाही, टायरच्या बाजूवर टेकेल. 25 पौंडांच्या जुन्या ओतीव चकत्या बहुतेक वेळा बसतात, तरी टेप घेऊनच दुकानात जा.

बसवताना तीन-चार ठिकाणी लोक हमखास चुकतात. रिमला वजनासाठी भोकं असतील तर तीच वापरा. नसतील आणि पाडायचीच असतील तर रिमच्या सपाट तव्यात पाडा, टायर जिथे बसतो त्या कडेच्या आसपास ड्रिल नेऊ नका. अर्धा इंची बोल्ट, मोठा वायसर, नायलॉक नट. बोल्टचं डोकं आत ठेवा आणि वाढीव लांबी बाहेर, कारण आत फार जागा नसते. चाक हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघितल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. चाकाचे नट वजनाखाली झाकले जात नाहीत ना, तेही बघा. आणि व्हॉल्व्ह! वजन लावून, आवळून, हात धुऊन झाल्यावर लक्षात येतं की हवा भरायचा व्हॉल्व्ह चकतीच्या मागे गेला. हे मी दोनदा केलंय, सांगायला लाज कसली. पहिल्या तासाभराच्या कामानंतर सगळे नट पुन्हा आवळायचे. बर्फ ढकलताना ट्रॅक्टर सतत पुढे-मागे होतो, दर फेरीला बोल्टला उलटसुलट हिसका बसतो, नांगरटीपेक्षा इथे नट लवकर ढिले होतात.

वजनाचा दुसरा मार्ग म्हणजे टायरमध्ये द्रव भरणं. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळकडे आमच्या घरी हा प्रकार नेहमीचा. नांगरटीच्या आधी वडील मागच्या टायरांत पाणी भरायचे, एकेका टायरात दीडशे लिटरच्या पुढे. व्हॉल्व्हला नळी लावायची आणि बांधावर बसून राहायचं, ते काम माझं. त्यामुळे इथे पहिला गार्डन ट्रॅक्टर घेतला तेव्हा ऑक्टोबरात मी अगदी सराईतासारखं दोन्ही टायरांत पाणी भरलं. नोव्हेंबर झकास गेला. डिसेंबरातल्या एका सकाळी ट्रॅक्टर सुरू केला, गिअरमध्ये टाकला आणि तो थड्... थड्... थड् करत चालू लागला, जणू चाकं चौकोनी आहेत. होतीच तशी. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरच्या टायरांत पाणी होतं त्या आकारात गोठलं होतं, खालची बाजू चपटी. थंडी हटेपर्यंत ट्रॅक्टर तसाच पडून. शेजारी खिडकीतून बघत होता आणि फावड्याने ड्राइव्हवे साफ करणारा मी त्याच्याकडे बघत नव्हतो.

तर इथे साधं पाणी नाही. पर्याय काय आहेत? तुमच्या मापाच्या टायरात तीन चतुर्थांश भरलं तर साधारण 34 लिटर मावतं. गाडीच्या काचा धुवायचा निळा द्रव, उणे 20 फॅरनहाइटवाला, सगळ्यांत स्वस्त. तो पाण्याहून किंचित हलका, म्हणजे चाकामागे 33 किलोच्या आसपास. त्यात मिथेनॉल असतं, विषारी आणि पेट घेणारं, तेव्हा भरताना जवळ हीटर किंवा ठिणगी नको आणि सांडलेलं तसंच सोडू नका. गाडीच्या रेडिएटरचं इथिलीन ग्लायकॉल टायरात भरू नका. ते गोड लागतं, गळलं तर कुत्री चाटतात आणि थोड्यानेही मरतात. ग्लायकॉलच हवं असेल तर प्रॉपिलीन ग्लायकॉलवालं घ्या. कॅल्शियम क्लोराइडचं मिठाचं पाणी जुन्या शेतकऱ्यांचं आवडतं, जड असतं, गोठत नाही, पण रिम खाऊन टाकतं. आत ट्यूब असेल तरच, आणि ट्यूब पंक्चर झाली की पुन्हा रिमच्या मुळावर.

मला आवडतं ते बीटाचं. बीटापासून साखर काढल्यावर उरलेल्या मळीपासून ते बनतं, काळपट, दाट, वासही थोडा ओळखीचा. कारखान्याच्या आवारात वाढलेल्या माणसाला बरणी उघडल्यावर घरची आठवण येते. आपल्याकडे उसाची मळी, इथे बीटाची. पाण्याच्या सव्वापटीहून थोडं जास्तच वजन, चाकामागे 43-44 किलो, उणे 35 फॅरनहाइटच्या आसपासपर्यंत गोठत नाही आणि लोखंड खात नाही. महाग आहे, आणि बहुतेक ठिकाणी टायरवाल्याकडेच भरून घ्यावं लागतं. गळलं तर सगळं चिकट.

घरी भरणार असाल तर एका बाजूला जॅक लावून चाक उचला, व्हॉल्व्ह बरोबर बाराच्या काट्यावर आणा, आतली पिन काढा, लहान पंपाने हळूहळू भरा, मधूनमधून हवा बाहेर पडू द्या. व्हॉल्व्हमधून द्रव बाहेर यायला लागला की तीन चतुर्थांश भरलं. त्याच्या वर भरायचं नाही, वर राहिलेली हवा हीच टायरची गादी. पुढे कधीही हवा तपासताना व्हॉल्व्ह वरच ठेवा, नाहीतर गेज द्रव पिऊन बसतं.

लोखंड की द्रव? याचं उत्तर तुम्ही उन्हाळ्यात काय करता त्यावर आहे. याच ट्रॅक्टरने गवत कापणार असाल तर द्रव भरू नका. एप्रिल-मे मधल्या ओल्या लॉनवर दोन्ही चाकांना मिळून ऐंशी-नव्वद किलो जास्तीचं ओझं म्हणजे चाकोऱ्या. लोखंड अर्ध्या तासात काढता येतं, द्रव काढायला अख्खी दुपार जाते. ट्रॅक्टर फक्त बर्फासाठीच ठेवला असेल तर द्रव छान.

मागे वजन टांगण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढेमागे विचाराल, कारण पात्याच्या जागी स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ उडवून लांब फेकणारं यंत्र, लावायचा मोह होणारच. ब्लोअर जड असतो. 100 किलोचा ब्लोअर पुढच्या अॅक्सलच्या 60 सेंटिमीटर पुढे टांगला आणि दोन अॅक्सलमध्ये 120 सेंटिमीटर अंतर असेल, तर उचललेल्या स्थितीत तो मागच्या चाकांवरचे 50 किलो काढून घेतो. तुम्ही विकत घेतलेली दोन्ही वजनं तिथेच फिटली. अशा वेळी मागच्या अॅक्सलच्या अर्धा मीटर मागे 50 किलो टांगले तर मागच्या चाकांवर साधारण 70 किलो येतात. वरचे 20 कुठून आले? पुढच्या चाकांवरून उचलले. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर चढाला लागला की पुढची चाकं हवेत जातात, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. तोच हिशोब. पुढे ब्लोअर असेल तर मागे टांगणं बरोबर. पुढे नुसतं हलकं पातं असेल तर जपून, स्टिअरिंग हलकं होतं आणि पातं तिरकं असताना ट्रॅक्टरचं नाक बाजूला ढकललं जातं.

टांगायला काय? हार्डवेअरच्या दुकानात हिवाळ्यात वाळूच्या लांबट पिशव्या मिळतात, 60 पौंडांच्या. हिचवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या जोडणीवर, एक चांगला वेल्ड केलेला ट्रे बसवा, त्यात पिशवी ठेवा, पट्ट्याने बांधा. ट्रॅक्टर फसला तर तीच वाळू चाकाखाली टाकायला होते. फक्त पिशवी कोरडी ठेवा, ओली वाळू गोठली की तिचा दगड होतो आणि मग कुदळीनेही निघत नाही.

आता ज्या गोष्टीची मला खरी काळजी वाटते ती. चाक घसरणं वाईट असतं असं आपण समजतो, पण घसरणारं चाक हा ट्रॅक्टरचा फ्यूज आहे. जोर फार झाला की चाक फिरतं आणि आतले गिअर, पंप वाचतात. साखळी, वजन, द्रव सगळं एकदम लावून तुम्ही तो फ्यूज काढून तिथे जाड तार लावताय. खऱ्या गार्डन ट्रॅक्टरचा मागचा ट्रान्सअॅक्सल, म्हणजे गिअरबॉक्स आणि अॅक्सल एकाच पेटीत, दणकट असतो, नांगर ओढायला केलेला. त्याच्याचसारखा दिसणारा लॉन ट्रॅक्टर, 8 इंची रिमवाला, आतून फार नाजूक असतो. दुकानात दोघं शेजारी उभे असतात, रंग एक, बॉनेट एक. ओळखायचं कसं? मॅन्युअल काढा. तुमच्या मॉडेलसाठी कंपनीने चाकाची वजनं, पातं, ब्लोअर दिलेले असतील तर ती परवानगी समजा आणि तिथे लिहिलेल्या आकड्याच्या वर जाऊ नका. काहीच लिहिलेलं नसेल तर साखळ्या आणि फार तर 20-25 पौंड, त्याच्या पुढे नाही. तुमची रिम 12 इंची आहे, त्यावरून ट्रॅक्टर बहुधा दणकट जातीतला दिसतो, पण बहुधावर ट्रान्सअॅक्सल पणाला लावू नका. हायड्रोस्टॅटिक, म्हणजे गिअरऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा, असेल आणि तो कण्हल्यासारखा आवाज काढायला लागला, गरम झाल्यावर पेडल दाबूनही मंद चालायला लागला, तर थांबा, थंड होऊ द्या. वेग घेऊन बर्फाच्या ढिगाला धडक मारायची सवय असेल तर ती आजच सोडा.

चालवण्याबद्दल चार शब्द. बर्फ थांबायची वाट बघू नका. 48 इंची पात्यापुढे पंधरा सेंटिमीटरचा भुसभुशीत बर्फ दहा मीटर ढकलला तर गोळा होतो दीडशे-दोनशे किलो. तोच बर्फ ओला, दबलेला असेल तर पाचशेच्या वर. 2022 च्या नोव्हेंबरात आमच्या बाजूच्या ऑर्चर्ड पार्कला एका वादळात ऐंशी इंचांच्या आसपास बर्फ पडला. तशा वेळी गार्डन ट्रॅक्टरने काहीच होत नाही, वजनं लावा नाहीतर हत्ती बांधा. पण एरवीच्या सहा-आठ इंचांत दर तीन-चार इंचांना एक फेरी मारली तर अर्धी लढाई जिंकली. पहिल्याच वादळात कडेचे ढीग जमेल तितके लांब सारून ठेवा, जानेवारीत जागा लागते.

तुमच्या उतारावर वरून खाली ढकला, वर येताना पातं उचलून रिकामे या. साखळ्या लावल्याशिवाय खाली उतरू नका, मेलबॉक्सची गोष्ट विसरू नका. उताराला आडवं चालवायचं टाळा. मॅन्युअलमध्ये 15 अंशांची वगैरे मर्यादा असते ती गवतावरची, बर्फावर तेवढं धाडस नको. ड्राइव्हवेच्या तोंडाशी नगरपालिकेचा प्लाऊ, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ सारणारा ट्रक, जी भिंत उभी करून जातो ती दगडासारखी असते. तिला सरळ भिडू नका, कडेने पात्याच्या एका टोकाने कुरतडत जा, किंवा फावडं घ्या. आणि तो बर्फ रस्त्यावर किंवा रस्त्यापलीकडे ढकलू नका, न्यूयॉर्क राज्यात ते कायद्यात बसत नाही. आपल्याच अंगणात कुठेतरी जिरवायचा.

क्रम म्हणून विचाराल तर: या आठवड्यात मॅन्युअल शोधा आणि मडगार्डची जागा मोजा. दोन कड्यांच्या साखळ्या मागवा. त्यावर दोन-तीन बर्फ काढा. सपाट भागातही पातं अर्धं भरलं की चाकं फिरताहेत असं दिसलं, तर 50 पौंडांची बिडाची जोडी घ्या, दुकानदारालाही बरं वाटेल. मला वाटतं तुम्हाला ती लागतील, पण आधी साखळ्यांनी काय होतं ते बघून लागतील तेवढीच घ्याल.

वसंतात वजनं काढाल तेव्हा बोल्ट त्याच भोकांत ग्रीस लावून परत अडकवून ठेवा, म्हणजे नोव्हेंबरात शोधावे लागत नाहीत. रिमवरचं मीठ धुऊन टाका. वजनं गॅरेजच्या भिंतीला उभी टेकवून ठेवू नका, आडवी ठेवा. गोल असतात, फरशीला जरा उतार असला की निघतात. माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख अजून वाकडंच येतं.